पक्कडीने लावलेला सूर

फार पूर्वी एका बंदराच्या गावात एक पियानो होता. हो, अख्ख्या गावात एकच! तो होता गाणं शिकवणाऱ्या बाईंचा. खाऱ्या वाऱ्याने त्याच्या तारा उतरायच्या, मग बाई टेकडीवरच्या कारागिराला बोलवायच्या.

कारागिराचा कान मोठा तिखट. त्याच्या गुरूंनी त्याला एक किल्ली दिली होती. पियानोच्या तारा ज्या चौकोनी खुंट्यांना गुंडाळलेल्या असतात, त्यांवर ती घट्ट बसायची. गुरूंनी बजावलं होतं, "किल्ली जवळ नसेल तर सरळ घरी जा. सूर उद्याही लावता येतो."

एकदा काय झालं, स्वारी किल्ली घरीच विसरली. पुन्हा टेकडी चढायची? छे! खिशात पक्कड होती.

"उद्या या हो, मला कुठे घाई आहे?" बाई म्हणाल्या.

"कशाला उद्या? कान माझा आहे ना, मग हत्यार कुठलं का असेना!"

त्याने पक्कडीने खुंटी पिळली. सूर लागला, अगदी बिनचूक. खुंटीचे कोपरे जरासे खरवडले, पण झाकण लावल्यावर कोण बघतंय? बाईंनी कौतुकाने लाडू दिला. पुढच्या खेपेला किल्ली विसरली नाही, मुद्दामच घरी ठेवली. जड होती ना! आळसाला ओसरी दिली की तो पाय पसरतोच.

मग बाईंच्या लेकीचं लग्न झालं. सासर समुद्रापलीकडे. पुन्हा भेट होईल न होईल. लेक गलबतात बसण्याआधी तिला तिचं पाळण्यातलं गाणं वाजवून दाखवायचं, एवढीच बाईंची इच्छा होती. पण नेमकी त्याच गाण्यातली एक तार उतरली.

या वेळी कारागिराने किल्ली आणली, चांगली पुसूनबिसून. खुंटीवर बसवून फिरवली. किल्ली नुसतीच गरकन फिरली, खुंटी ढिम्म! तिला कोपरेच उरले नव्हते. पक्कडही घसरायला लागली.

"काय झालं हो?"

"बाई, माझंच चुकलं. नवी खुंटी परदेशातून मागवावी लागेल."

"अहो, पण भरती आली. लेक निघाली माझी!"

बाईंनी तसंच वाजवलं. तो सूर आला की त्या बोट उचलायच्या आणि लेक हुंदका गिळून तेवढा सूर गुणगुणायची. मग गलबत गेलं.

पुढे नवी खुंटी आली. कारागिराने किल्लीने, हळूहळू, जीव ओतून सूर लावला.

"वाजवा ना, बाई," तो म्हणाला.

बाई वाजवू लागल्या. त्या सुरापाशी त्यांचं बोट आपोआप उचललं गेलं. खोलीत कुणीच गुणगुणलं नाही. कारागिराला रडू आवरेना, पण आता रडून काय उपयोग?

तात्पर्य: 'चालतंय की' म्हणून उरकलेलं काम त्या दिवशी चालून जातं, पण खरी वेळ येते तेव्हा योग्य हत्यार हातात असूनही कामाला येत नाही.