सोन्याच्या महालातला झरोका

सांगा बरं, भिंती सोन्याच्या, छत सोन्याचं, तरी एखाद्या घरात माणसाचं मन का रमू नये?

एका राज्यात धैर्यकेतू नावाचा राजा होता. मायाधर जादूगाराने पुरून ठेवलेला खजिना त्याने उकरून काढला, त्या सोन्याचा महाल बांधला आणि राणी मणिमालेला घेऊन तो तिथे राहायला गेला. पण खजिना शापित होता. थोड्याच दिवसांत राणीची पावलं सोन्याची झाली. मग घोटे. मग पोटऱ्या.

राणीची एक पाळलेली साळुंकी होती. तिला माणसांसारखं बोलता येत असे. ती म्हणाली, "महाराज, ज्याला या महालात राहावंसं वाटत नाही, तो हळूहळू सोन्याचा होतो. राणीसाहेबांना उंबरठ्याबाहेर न्याल, तर त्याच क्षणी त्यांचं काळीज सोन्याचं होईल."

"मग मला कसं काही झालं नाही?"

"तुम्हाला तुमचा महाल फार आवडतो, महाराज."

राजाने राणीला विचारलं, "तुला इथे राहावंसं वाटत नाही?"

"खोटं कसं बोलू? दुपारी भिंती तापतात. पाणी कोमट लागतं. बाहेर दिवस आहे की रात्र, तेही कळत नाही. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून बोलले नाही."

राजा साळुंकीकडे वळला. मग साळुंकीने उपाय सांगितला. "डोंगरावरच्या राक्षसाचा झरोका आणा. बनातल्या चेटकिणीची माठ ठेवायची घडवंची आणा. तळ्याकाठच्या यक्षिणीचा झोपाळा आणा. आणि नोकरांना पाठवू नका. नोकरांनी आणलेलं सगळं आहेच की इथे."

राजा एकटा निघाला. राक्षस आपल्या चंदनी झरोक्यात पाय सोडून बसला होता. "झरोका हवा? मग सकाळपासून दुपारपर्यंत इथे बस. एकही हुकूम सोडायचा नाही."

राजा बसला. ऊन तोंडावर येताच ओरडला, "कोण आहे रे तिकडे? पडदा ओढा!"

"झालं!" राक्षस पोट धरून हसला. "उद्या पुन्हा पहिल्यापासून."

असं किती वेळा झालं, राजालाच ठाऊक. शेवटी एका सकाळी खाली एक खार दाणे पुरत होती आणि पुरलेली जागा पुन्हा पुन्हा विसरत होती. राजा तिच्याकडे बघत राहिला आणि हुकूम सोडायचं विसरूनच गेला. राक्षसाने झरोका काढून त्याच्या पाठीवर बांधला.

चेटकीण म्हणाली, "घडवंची नेशील, पण तिच्यावरचा माठ आधी विहिरीवरून भरून आण. डोक्यावरून. अरे, मुकुटावर काय ठेवतोस? चुंबळ घे!" राजा कमरेपर्यंत भिजला, पण माठ अखंड आणला. मग तेच पाणी तिने त्याला प्यायला दिलं, आणि इतकं गार पाणी तो जन्मात प्याला नव्हता.

यक्षिणीच्या झोपाळ्यावर तिची म्हातारी आई बसली होती. "आईला झोप लागेपर्यंत झोका दे," यक्षीण म्हणाली.

"हळू रे मेल्या!" म्हातारी ओरडली. "जत्रेतला पाळणा आहे का हा?"

राजाने हात हलका केला. म्हातारी घोरू लागली, तेव्हा संध्याकाळ झाली होती.

राजा परतला. बाहेरच्या भिंतीत झरोका बसला, शेजारी माठासह घडवंची ठेवली, समोर झोपाळा टांगला. दासींनी राणीला उचलून झोपाळ्यावर बसवलं, आणि राजा सिंहासनावर बसून वाट पाहू लागला. पण सोनं राणीच्या गुडघ्यावर चढलं.

"साळुंके, तू फसवलंस मला!"

"मी? राणीसाहेबांचं तोंड कुठे आहे, ते बघा तरी."

राणीचं तोंड राजाकडे होतं. झरोका तिच्या पाठीशी होता. त्या राज्याची रीतच तशी होती. राजाकडे कुणी पाठ करायची नाही. आचारीसुद्धा ताटं ठेवून उलट्या पावलांनी बाहेर जाई आणि खांबावर आपटे.

"मणिमाला, बाहेर का बघत नाहीस?"

"तुमच्याकडे पाठ कशी करू, महाराज? आजवर कुणी केली नाही."

राजा सिंहासनावरून उतरला. त्याने तिचे सोन्याचे जड पाय स्वतःच्या हातांनी उचलले आणि झोपाळ्याच्या पलीकडे सोडले. सिंहासनाशेजारी उभ्या असलेल्या प्रधानजींच्या हातातली काठी गळून पडली. राजाने माठातलं पाणी तिला दिलं, मागे उभा राहिला आणि हलकेच झोका दिला.

खाली रस्त्यात एक म्हैस बसली होती. तिच्यामुळे एका नवरदेवाची पालखी अडली होती. "ऊठ गं बये, मुहूर्त टळेल!" म्हणून नवरदेव हात जोडत होता, आणि म्हैस रवंथ करत होती. मणिमाला खळखळून हसली. वारा आला. ऊन उतरलं.

"मणिमाला, पानं वाढलीत. चल, उचलून नेतो."

"थांबा ना जरा," राणी म्हणाली. "मला नाही इतक्यात इथून उठायचं."

तोच टणकन आवाज झाला. अंड्याचं कवच फुटावं तसं तिच्या पायांवरचं सोनं फुटून खाली पडलं. भिंतींचंही सोनं विरलं आणि आतून साधी माती दिसली. राजाने हात लावून पाहिला. भिंत गार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी राणी अनवाणी पायांनी अंगणात उतरली, आणि राजा त्या गार भिंतींच्या आत उन्हं वर येईपर्यंत झोपला.