वेणू आणि डब्यातला आवाज

टेकडीखालच्या एका खोलीत वेणू नावाची मुलगी आईबरोबर राहायची. आई देवळाच्या बागेत फुलं तोडायची. घरात दोनच ताटल्या आणि एक फाटकी चटई. तरी आपल्या भाकरीतला तुकडा वेणू दारातल्या इवल्याशा खारूताईसाठी रोज बाजूला ठेवायची.

वेणू स्वमग्न होती. म्हणजे तिला जे आवडायचं ते अगदी पोटभर आवडायचं. भोंडल्याची गाणी नवरात्रात सगळ्याच मुली म्हणतात; वेणू ती भर उन्हाळ्यातही म्हणायची, म्हणून मुली हसायच्या. आणि सगळ्यांत जास्त तिला आवडायचा बंद डब्यात हलणाऱ्या वस्तूंचा आवाज. तो दुसऱ्या कुणालाच आवडत नसे. एक आवड सगळ्यांची, एक कुणाचीच नाही. वेणूला दोन्हींची लाज वाटायची.

नवरात्रात एके दिवशी केतकीच्या अंगणात भोंडला होता. पाटावरच्या हत्तीभोवती फेर झाला, गाणी झाली, आणि केतकीने खिरापतीचा डबा आणला. आत कोणता खाऊ आहे ते आवाजावरून ओळखायचं, खूपदा चुकायचं आणि शेवटी हसत हसत हरायचं, हीच त्यातली गंमत. केतकीने डबा एकदाच हलवला. वेणू आनंदाने बोलून गेली, “साळीच्या लाह्या. तळाशी खडीसाखरेचे तीन खडे.”

झाकण उघडलं. अगदी तसंच होतं.

“झालं, घालवली हिने सगळी मजा,” केतकी म्हणाली. “आईने सकाळपासून लपवून ठेवलं होतं. वेणूबाई, उद्यापासून तुम्ही आपल्या घरीच डबे वाजवा.”

सगळ्या हसल्या. वेणूचे कान तापले. मान खाली घालून ती धावत देवळाच्या बागेत गेली.

बागेत केशरी झेंडू, जांभळी गोकर्ण आणि गुलाबी कण्हेर सोनेरी उन्हात न्हात होती. कोपऱ्यात खुळखुळ्याचं झुडूप होतं. त्याच्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या. त्यातली एक शेंग उकलली आणि आतून बोटाएवढी पिवळी परी बाहेर आली. तिचे पंख दवासारखे चमचमत होते. तिने वेणूला का रडतेस ते विचारलं. वेणूने सगळं सांगितलं, पण वर न बघता.

“एक इच्छा माग,” परी म्हणाली. “सूर्य मावळायच्या आत.”

“परीताई, माझी ही आवाजांची आवड काढून घे. मग मला फेरात घेतील.”

परीने पंख मिटले. मग तिने नियम सांगितला. काढून घेतलेली आवड एकट्या वेणूची जाणार नव्हती. जगात ती ज्याची ज्याची असेल, त्या सगळ्यांची जाणार होती.

“आणखी कुणाची आहे?”

“एकाची. नाव सांगायची मला परवानगी नाही.”

वेणू विचारात पडली. तो एक कुठे असेल? कुठल्यातरी भिंतीआड डब्याला कान लावून बसला असेल, लाजत, तिच्यासारखाच. त्याला न विचारता त्याचा आनंद कसा घ्यायचा? ऊन टेकडीवर चढत गेलं. उद्या आपल्याला कुणी बोलावणार नाही हे वेणूला पक्कं माहीत होतं. तिने डोळे पुसले.

“मग नको,” ती हळूच म्हणाली. “त्याच्याकडे राहू दे.”

परीचे पंख लालबुंद झाले.

“तू इच्छा सोडलीस, आता सांगता येईल. ती दुसरी मीच आहे. आमच्याकडे सगळ्यांना चांदणं आवडतं, अत्तर आवडतं. मी दव आणायला जाते असं खोटं सांगून इथे शेंगेत येऊन बसते. तू हो म्हणाली असतीस ना, तर लाजेतून सुटले असते. पण मग ऐकलं काय असतं?”

वेणूने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. मग दोघी बोलत बसल्या. चिंचेची शेंग वाजते त्याहून शिरीषाची पातळ वाजते, यावर दोघींचं एकमत झालं. करंजावरून मात्र जरा भांडण झालं. इतकं बोलायला वेणूला आजवर कुणी मिळालंच नव्हतं.

सूर्य टेकला तशी परी वर उडाली. “हे इच्छेतलं नाही, माझ्याकडून आहे,” असं म्हणत तिने पंख झटकले. बागेतलं प्रत्येक बी आपापल्या शेंगेत, बोंडात, फळात नाचू लागलं. सगळी बाग किणकिणली, रुणझुणली. पिवळा उजेड फुलला, पांढरा झाला, आणि त्यात परी दिसेनाशी झाली.

कुंपणापलीकडून मुली घरी चालल्या होत्या. वेणूला त्या दिसल्या. तिचे कान पुन्हा तापले, पण तिचे दोन्ही हात आनंदाने पंखांसारखे फडफडत होते, आणि तिने ते लपवले नाहीत.