उघड्या तळव्याचा कातळ

बसा, पण त्या खळग्यात पाय तेवढा ठेवू नका. आणि पाहुणे, त्या समोर बसलेल्या कुत्रीला बोलवायचे तर आधी मूठ उघडा. आमच्या वाडीत मिटलेल्या मुठीने कुत्र्याला कोणी बोलावत नाही. हा कातळ उघड्या तळहातासारखा मधोमध खोलगट आहे ना, त्याचीच ही गोष्ट. माझे वडील सांगायचे. त्यांना त्यांच्या आजाने सांगितलेली.

फार पूर्वी या डोंगरात रानडुकरांचा सुळसुळाट होता. नाचणी कणसाला आली की कळपच्या कळप उतरायचे. तेव्हा वाडीत येसू नावाचा शिकारी होता आणि भिंगरी नावाची त्याची कुत्री. बाकीचे लोक कुत्री शिकवायचे काठीने. येसूने मात्र भिंगरीवर कधी हात उगारला नाही म्हणे. तो मूठ पुढे करायचा, ती आली की उघडायचा, आणि आत भाकरीचा तुकडा असायचाच. घरात चूल पेटली नाही त्या दिवशीही सुक्या बांगड्याचे शेपूट तरी असायचे. त्या मुठीच्या भरवशावर ती डुकराच्या सुळ्यांसमोर उभी राहायची.

एकदा शिकारीसाठी रान उठवताना खोताने तिला पाहिले आणि त्याचे मन तिच्यावर बसले. माणूस पाठवून त्याने कुत्री मागितली. येसू खोताचेच डोंगरउताराचे शेत कसत होता, नाही म्हणायची छाती कुठली? पण भिंगरी परक्याला अंगाला हात लावू देईना. मग येसूने रोजच्यासारखी मूठ पुढे केली. ती शेपूट हलवत आली. मूठ उघडली ती रिकामी, आणि दुसऱ्या हाताने त्याने तिच्या गळ्यात फास टाकला. ती ओरडली नाही, ओढाओढ केली नाही. नुसती त्या हाताकडे बघत राहिली म्हणे.

खोताकडचे दावे कुरतडून ती परत आली, पण घरी नाही. समोरच्या टेकाडावर बसून राहायची. येसू मूठ पुढे करी, त्यात खरीच भाकरी असे, तरी ती मागे सरके. येसूचे जेवणावरून मन उडाले. शेवटी त्याची बायको भागा म्हणाली, "हाका नका मारू. हात उघडा ठेवून गप बसा. हातात काय हाय नि काय नाय, तिला लांबूनच बगू दे."

तेव्हापासून येसू रोज या कातळावर बसू लागला. उघडा तळवा, त्यावर भाकरी. निघताना भाकरी इथेच ठेवून जाई, मग ती येऊन खाई. पावसाळा असाच सरला. ती रोज थोडी जवळ बसू लागली, पण हातापर्यंत काही येईना.

अशातच खोताचा माणूस दोर घेऊन आला. म्हणाला, "मूठ कर आन् बोलाव तिला. न्हायतर शेत सोड."

उभे पीक होते शेतात. येसूने भाकरी बाजूला ठेवली आणि रिकामा तळवा भिंगरीला दाखवला. "बग बाय, आज हातात काय नाय. येऊ नको. पळ!" मग त्या माणसाला म्हणाला, "शेत घ्या. मूठ आता व्हनार नाय."

भिंगरी बराच वेळ त्या तळव्याकडे बघत होती. मग उठली, सरळ चालत आली आणि त्या रिकाम्या हातात तिने नाक टेकवले. ते पाहून खोताच्या माणसाचाही हात पुढे झाला नाही, तो दोर गुंडाळून निघून गेला असे सांगतात. येसूचा हात तेव्हा कातळावर टेकला होता, तिथेच हा खळगा पडला.

शेत गेलेच. पण येसू आणि भिंगरी मग साऱ्या वाडीची नाचणी राखू लागले, आणि वाडीने घरटी सूपभर दाणे देऊन त्यांना जगवले.

आता शिकार बंद झाली, ते बरेच झाले. पण धन्याच्या एका शब्दासाठी कान टवकारून थांबलेली शिकारी कुत्री मी लहानपणी पाहिली आहेत. आठवले की गलबलून येते. आजही वाडीत नवे पिल्लू आणले की पहिला घास याच खळग्यात ठेवतात. आजही रांगत्या पोरालासुद्धा इथे कोणी मूठ दाखवून बोलावत नाही.

तुमच्याजवळ खायला काही नाही म्हणता? नसू द्या. हात उघडून तिला तसे दाखवा. बघा, उठली.