पट्टा नसलेली टिटवी

रानात राखणदारीचा कायदा नव्हता, तेव्हाची गोष्ट. बिबट्या दिसला की टिटवी ओरडायची आणि सगळे पळायचे. तिचं हे फुकटचं काम कुत्र्यांच्या राखणदार संघटनेला खुपू लागलं. अध्यक्ष डांग्या उसाची मोळी घेऊन हत्ती प्रधानाकडे गेला.

"प्रधानजी, गळ्यात पट्टा नसेल त्याने इशारा द्यायचा नाही, असा कायदा करा. मसुदा आम्हीच लिहून आणलाय."

प्रधानाने ऊस चघळत, न वाचताच त्यावर पायाचा ठसा उमटवला.

महिनाभरात भर दुपारी बिबट्या आला. कुत्रे सावलीत सत्कार समारंभात होते. टिटवीने त्याला पाहिलं आणि मुकाट्याने कायदा पाळला. बिबट्याने डांग्याला पट्ट्यासकट उचललं.

संध्याकाळी संघटनेची शोकसभा झाली. एकमताने ठराव झाला, "वेळेवर न ओरडल्याबद्दल टिटवीवर खटला भरावा."