कोरी स्टेपनी

घाटवाटेवर बैलगाड्यांच्या जागी जीपगाड्या नुकत्याच दिसू लागल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. सर्जेरावांच्या जीपच्या पाठीवर एक कोरी स्टेपनी होती. खालचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते, तरी सर्जेराव म्हणायचे, "नवी आहे, जपून ठेवू." आणि तिच्यावर रेक्झिनचं कव्हर चढवायचे.

स्टेपनी आतून रस्त्याचा आवाज ऐकत राही. आपल्या खाचांत एकदा तरी माती भरावी, एवढीच तिला आस होती.

"तुझी गरजच काय?" पुढचा टायर म्हणे. "इतर गाड्यांना दोनच चाकं ओढतात, इथं आम्ही चौघं ओढतो!"

"पण दादा, पाणी बाजूला सारायला तुमच्यात खाचा कुठं उरल्यात?"

टायर नुसते हसत.

एका श्रावणात उतार संपतो तिथं पाणी साचलं होतं. चारही चाकांच्या भरवशावर सर्जेरावांनी वेग कमी केलाच नाही. जीप पाण्यावर तरंगली. टायर जिवाच्या आकांताने फिरत होते, पण एकाचाही पाय रस्त्याला टेकेना. शेवटी जीप घसरत जाऊन कडेच्या चिखलात रुतली.

पुढचा टायर म्हणाला, "ताई, रस्ताच हरवला गं. तू रोज अशीच असतेस?"

तेवढ्यात सर्जेराव खाली उतरले. त्यांनी कव्हर काढलं, रुमालाने तिच्या खाचा पुसल्या. आता माती लागणार, तिला वाटलं.

"नशीब माझं," ते म्हणाले, "ही तरी कोरी राहिली."

आणि त्यांनी कव्हर पुन्हा चढवलं.