वाटीभर झोप आणि तीन घोडे

एक होती राणी, केतकी तिचं नाव. राजा गेलेला मुलुखगिरीवर आणि मांडीवर तान्हं बाळ. पण हे बाळ झोपेचना, बरं का. डोळे तांबडे, दूध पिईना, दिवसेंदिवस वाळत चाललं. राणीला वाटे, आपलंच काही चुकतंय. पाळणा जास्त हलवतो की कमी?

मग ती डोंगरापलीकडे झोपेच्या म्हातारीकडे गेली. म्हातारी म्हणाली, "तीन वाट्या देईन. झोप दुधासारखी पातळ असते. सांडू नकोस. आणि पायी नेलीस तर वाटेतच आटेल. घोड्यावरून ने."

मग राणी पागेत आली. तिथे राजाचे मामासाहेब. "सूनबाई, घोडा अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यावरून पारखायचा. या पांढऱ्याच्या गळ्यावर देवमण आहे. शुभ भोवरा." पण पांढऱ्याचा खांदा भिंतीसारखा उभा. पावलागणिक दणका. म्हातारीकडून परतताना पहिली वाटी खिंडीत सांडली. तिथले दगड घोरायला लागले.

मग मामासाहेबांनी काळा दिला. त्याच्या कपाळावर चांदणी. पाठ मात्र पाटासारखी सपाट. उतारावर खोगीर सरकलं, राणी घोड्याच्या मानेवर आणि दुसरी वाटी गवतात. गवत तिथेच पेंगलं.

आता उरली एकच वाटी. राणी बाळाला कडेवर घेऊन पागेत उभी राहिली. मला काय कळतं घोड्यातलं, म्हणाली. मग तिचं लक्ष गेलं. इतका वेळ झाला, बाळ कडेवरून घसरलं नव्हतं. कंबरेच्या उंचवट्यावर नीट अडून बसलं होतं.

मग तिनं भोवरे बघणं सोडलं आणि एकेका घोड्याची पाठ चाचपत निघाली. कोपऱ्यात होती एक बुटकी तांबडी घोडी. पाठ आखूड, खांदा तिरका, मानेमागे खोगीर अडेल असा उंचवटा. खुरांवरचे सांधे लवचीक, दणका गिळणारे.

"ती नको," मामासाहेब म्हणाले. "डोळ्याखाली भोवरा आहे. बसणाऱ्याला रडवते."

"रडेन, मामासाहेब. नाहीतरी रोज रडतेच आहे."

मग घोडी निघाली. खिंड आली, उतार आला. वाटीत तरंग उठायचा, काठाला लागायचा नि परत फिरायचा. राणीनं श्वाससुद्धा बेतानं घेतला. वाटी भरलेली घरी आली. बाळाच्या ओठांना लावली. बाळानं जांभई दिली आणि झोपलं.

राणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"बघ," मामासाहेब म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

मग राजा परतला, सगळी सुखानं राहिली. राणी मात्र मधूनच बाळाच्या नाकापाशी बोट धरून श्वास चालू आहे ना बघायची. अजूनही बघते म्हणे.

वाटीच्या तळाशी दोन थेंब उरलेत, तुमच्यापुरते. मिटा बघू डोळे.