मोहरांचा रांजण

एका राज्यात तीन वर्षं कुणी काम म्हणून केलं नव्हतं. खोटं वाटतं? ऐका तर खरं.

तिथल्या राजाचं नाव सुवर्णबाहू. त्याच्या अंगणात कराळनाथ नावाच्या मांत्रिकाने हत्तीएवढा रांजण आणून ठेवला. आत हात घातला की मोहर हाती यायची. राजाने हात घातला, मग प्रजेनेही. कोष्ट्याच्या मागावर कोळिष्टकं धरली, सुताराची पटाशी गंजली. मोहरा गाड्या भरभरून परराज्यात जात आणि तिकडून धान्य, कापड, गूळ येई. बसून खाल्लं तर डोंगरही पुरत नाहीत, ही म्हण सगळ्यांना पाठ होती बरं का!

एकटी गोजरा दोर वळत राही. भानोबा दोरवळ्याची ती लेक. सणावाराला तीही रांजणात हात घाली, नाही असं नाही. पण रोज अंबाडीचा वाख हाती घेतल्यावाचून तिला करमत नसे. शेजारणी हसत. "अगं, हा दोर कुणाच्या गळ्यात बांधणार आहेस?"

मग एका सकाळी भानोबाला उठवेना. गोजराने पांघरूण काढलं. बापाचे पाय गुडघ्यापर्यंत मातीचे झाले होते. गावभर तोच आकांत, राजाचीही तीच गत. गोजराच्या पायाची फक्त बोटं मातीची होती.

गोजरा राजाच्या अंगणात धावली. तिथे कराळनाथ रांजणाच्या काठावर बसला होता. "तीन दिवस," तो म्हणाला. "तिसऱ्या सूर्यास्ताला माती गळ्याशी येईल. मग तुम्हाला मळीन आणि नवा रांजण घडवीन. हाही पूर्वी एक गावच होता."

गोजरा घरी आली, तर खिडकीत भारद्वाज उतरला होता. भारद्वाज दिसला की शुभ म्हणतात. हा तर बोललाही.

"रांजणाच्या तळाशी मुठीएवढा खड्डा आहे. तो भरला की शाप तुटेल."

"कशाने भरायचा?"

"ते मला ठाऊक नाही. मोहरा काढताना सगळ्यांना पाहिलं, आत काही टाकताना कुणाला पाहिलं नाही. तू उतर. मात्र रांजणाचं काही नेऊ नकोस. राखलेलं अन्न ने, कमावलेलं नाणं ने आणि स्वतःच्या हातचा दोर ने."

चुलीवर आधण ठेवण्याआधी मूठभर नाचणी मडक्यात बाजूला टाकायची, ही त्या राज्याची जुनी रीत. रांजण आल्यावरही लोकांनी रीत मोडली नाही, फक्त नाचणीऐवजी मोहरा टाकू लागले. शहाणेच ते! आता मडकी उघडली, तर आत नुसता चिखल. गोजराची आई मात्र रांजण यायच्या आधीच वारली होती. जात्यामागच्या तिच्या मडक्यात चार मुठी नाचणी निघाली.

"तेवढी नको गं," भानोबा म्हणाला. माती कमरेला आली होती. "तुझ्या आईच्या हातची आहे ती."

"बाबा, आईने ती अडीनडीला ठेवली होती. याहून मोठी अडचण कुठून आणू?"

भानोबा रडला. मग मडकं त्याने स्वतःच पुढे सरकवलं.

कमावलेली नाणी तीनच होती, एका परक्या नावाड्याला दोर विकून मिळालेले तांब्याचे पैसे. दोन दिवस गोजराने मान वर केली नाही, दोर वळत राहिली. तिसऱ्या दिवशी, ऊन माथ्यावर असताना, दोर महालाच्या खांबाला बांधून ती आत उतरली. उरलेला वाख कमरेला होता. बाहेरून हत्तीएवढा दिसणारा रांजण आतून विहिरीहून खोल होता.

पहिल्या कपारीत बैलाएवढी घूस बसली होती. "सगळं धान्य दे, नाहीतर दोर कुरतडते."

गोजराने तीन मुठी तिच्यापुढे ठेवल्या.

"चौथी कुणासाठी?"

"ठाऊक नाही. म्हणूनच ठेवलीय."

घुशीने नाचणी चघळली. कष्टाचं धान्य तिने कित्येक वर्षांत चाखलं नव्हतं. ती बाजूला झाली.

दुसऱ्या कपारीत एक म्हातारी दुकान मांडून होती. जरीचा शालू एक पैसा, मातीची पणती दोन पैसे.

"पणती महाग का, आजी?"

"खाली अंधार आहे म्हणून."

गोजराने दोन पैसे मोजून पणती घेतली. तिसरा पैसा मुठीत होता आणि शालू समोर. तिच्या अंगाला जन्मात जर लागली नव्हती. फार जीव जडला तिचा त्या शालूवर. "परत येताना पाहू," ती म्हणाली.

"परत येताना दुकान नसतं, पोरी."

"मग नसो," म्हणून ती खाली सरकली.

आणि दोर संपला! पणतीच्या उजेडात तळ दिसत होता, अजून दोन पुरुष खोल. तिथे कराळनाथ उभा होता. वर रांजणाचं तोंड तांबडं होऊ लागलं होतं.

"माझी खजिनदार हो," तो म्हणाला. "तुझ्या बापाला सोडतो. जन्मभर दोर वळायला नको. बाकीच्यांचं तुला काय?"

गोजरा डगमगली. बाबा वाचावेत, एवढंच तर तिला हवं होतं.

"आणि रांजण आटला, की खजिनदाराने काय करायचं?" तिने विचारलं.

कराळनाथाने नजर वर, तांबड्या तोंडाकडे वळवली.

"मग नको. माझा दोर कुठल्याही राज्यात विकला जातो."

लोंबकळतच तिने कमरेचा वाख सोडला आणि दोराला पुढे पीळ घालू लागली. माती तिच्या हातांत चढली, बोटं आखडली, तेव्हा तिने पीळ दातांत धरला. तळाला पाय टेकले, तेव्हा वर उजेडाची रेघच उरली होती. खड्डा सापडला. तिने तांब्याचा पैसा घातला. टणकन उडून तो बाहेर आला. गोजराचा धीर सुटला. बाबा गेले, असंच तिला वाटलं.

मग भारद्वाजाचं बोलणं आठवलं. तीन वर्षं सगळ्यांनी काढलंच होतं, टाकलं कुणीच नव्हतं. खड्डा मुठीएवढा होता आणि आईने राखलेली मूठच उरली होती. तिने ती शेवटची मूठ नाचणी त्यात सोडली.

"नको!" कराळनाथ ओरडला आणि ओरडता ओरडताच ढेकळासारखा विरला. रांजण उभा चिरला. गोजरा अंगणात खापरांमध्ये उभी होती, मुठीत एक पैसा घेऊन. ती घराकडे धावत सुटली. भानोबा दारात स्वतःच्या पायांवर उभा होता. तिने त्याच्या पायांना हात लावला, ते ऊन होते. मग मात्र ती हमसून हमसून रडली.

दुसऱ्या दिवशी राजा दारी आला. "काय देऊ, गोजरा?"

"तुमच्याजवळ काय आहे, महाराज?"

काहीच नव्हतं. मोहरांची माती झाली होती.

"मग विहिरीला नवा दोर बांधलाय. पन्नास घागरी ओढा."

राजाने ओढल्या. तळहाताला फोड आले. गोजराने आपला उरलेला पैसा त्याच्या हातावर ठेवला. राजाने तो उलटसुलट करून पाहिला.

"यातलं बाजूला किती ठेवायचं?" त्याने हळूच विचारलं.

"आधी पैशाची मोड आणा, महाराज. मग सांगते."

त्या संध्याकाळी भानोबाने दोराच्या बदल्यात आणलेली नाचणी सुपात ओतली. आधण ठेवण्याआधी एक मूठ उचलून त्याने गोजराच्या आईच्या रिकाम्या मडक्यात टाकली. शाप सुटला, रांजण फुटला, ज्याचं काम त्याच्या हाती आलं. आणि आमची गोष्टही तिथेच, त्या मडक्याशी, येऊन थांबली.